करार पक्का, गरज बदलती: सॉफ्टवेअर प्रकल्पांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: नागपुरातील परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आमची लहानशी कंपनी आहे. एका सरकारी कार्यालयाचे काम निविदेतून मिळाले असून रक्कम, मुदत आणि कामाची व्याप्ती तिन्ही करारात पक्की आहेत. टीमला दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या छोट्या फेऱ्यांत, काम करायचे आहे. अशा करारात अजाइल, म्हणजे थोडे थोडे काम करून दाखवत गरजेप्रमाणे बदलत जाण्याची पद्धत, बसते का?

उत्तर: बसते, मात्र कराराची चौकट न मोडता. तुमची बिले बहुधा टप्प्यांना बांधलेली असतील: एसआरएसवर (सॉफ्टवेअरच्या गरजा नोंदवणाऱ्या दस्तऐवजावर) सही, आराखडा, वापरकर्त्यांची चाचणी, प्रत्यक्ष वापर. हे टप्पे तसेच राहू द्यावेत आणि त्यांच्या आत स्प्रिंट चालवावेत. एसआरएसवर सही घेण्याआधी महत्त्वाच्या स्क्रीनचे कच्चे नमुने कार्यालयाला दाखवावेत, कारण शंभर पानांच्या दस्तऐवजावर सही करणारा अधिकारी आणि रोज तो अर्ज भरणारा लिपिक या दोन वेगळ्या व्यक्ती असतात आणि खऱ्या अडचणी लिपिकालाच ठाऊक असतात. दर स्प्रिंटच्या शेवटी डेमो देऊन, काय मान्य झाले आणि काय बदलायचे आहे याचे इतिवृत्त त्याच दिवशी सहीसाठी पाठवावे. नवी मागणी आली तर तेवढ्याच मेहनतीचे, अद्याप सुरू न झालेले काम बाजूला ठेवण्याचा लेखी प्रस्ताव द्यावा. कार्यालय अशी अदलाबदल मान्य करते का, हे पहिल्याच बैठकीत विचारून घेणे फार गरजेचे आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील संस्थेकडून होणारी सुरक्षा तपासणी कामाच्या शेवटी येते. तिच्यासाठी आणि तीत निघणाऱ्या दुरुस्त्यांसाठी वेळ वेगळा राखून ठेवावा.

एक टप्पा संपल्यावरच पुढचा सुरू करण्याची, ‘वॉटरफॉल’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत कालबाह्य झाली, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. तिचे मूळ म्हणून अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधाकडे बोट दाखवले जाते. त्या निबंधात ‘वॉटरफॉल’ हा शब्द नाही. उलट चाचणी अगदी शेवटी येणारी सरळ रांग धोक्याची आहे, असे रॉइस यांनीच त्यात बजावले होते आणि काम नव्या प्रकारचे असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून पाहण्याचा सल्लाही दिला होता. अजाइलचा जाहीरनामा त्यानंतर एकतीस वर्षांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, सतरा जणांनी युटामधील स्नोबर्ड येथे मांडला. त्यातही नियोजनाचे मोल नाकारलेले नाही. बदलाला प्रतिसाद देण्याचे मोल अधिक मानले आहे.

प्रश्न: कळमना बाजारातील एका संत्रा अडत्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो आहोत. दर भेटीत ते नवे काही सांगतात. अंबिया बहाराची आवक सुरू होण्याआधी काम द्यायचे आहे. सर्व गरजा आधी लिहून घ्याव्यात का?

उत्तर: सर्व नव्हे, पण हिशोबाचे नियम नक्की लिहून घ्या. अडत, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल यांची आकारणी कोणाकडून, कधी आणि कशी होते, हे कागदावर उतरवून मागील हंगामाच्या जुन्या पट्ट्यांवर (शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांवर) ताडून पाहिल्याशिवाय कोडिंग सुरू करू नये. हा भाग चुकला तर तो नंतर दुरुस्त करणे महाग पडते. स्क्रीनची मांडणी, अहवाल आणि मोबाइलवरील संदेश यांबाबत मात्र तुमचे ग्राहक वापरून पाहिल्याखेरीज सांगूच शकणार नाहीत आणि त्यात त्यांचा दोष नाही. तुमच्यापैकी एकाने एखाद्या सकाळी लिलावाच्या वेळी दुकानात बसावे. मुनीमजी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने वहीत नोंद करत असतील, तर सात रकाने भरायला लावणारी स्क्रीन त्या जागी चालणार नाही, हे तेथेच कळेल. आवकेची तारीख हलणार नाही, म्हणून कामाची व्याप्ती कमी करा: पहिल्या आवृत्तीत आवक, विक्री आणि पट्टी एवढेच द्या आणि बाकीचे संत्र्याच्या पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे मृग बहारापर्यंत, पुढे न्या.

प्रश्न: आमची रोजची स्टँड-अप बैठक तासभर चालते. उपाय काय?

उत्तर: स्क्रम या अजाइल कार्यपद्धतीत या बैठकीला पंधरा मिनिटांची मर्यादा आहे आणि ती काम करणाऱ्यांनी आपसात दिवसाची आखणी करण्यासाठी असते. तुमच्याकडे बहुधा प्रत्येक जण साहेबांना अहवाल देतो आहे. साहेबांसाठी टास्क बोर्ड रोज अद्ययावत ठेवावा आणि अडलेल्या मुद्द्यावरची चर्चा संबंधित दोघातिघांनी बैठकीनंतर करावी.

प्रश्न: सहा जणांची आमची टीम दीड महिना मागे पडली आहे. व्यवस्थापन आणखी चार जण देऊ म्हणते. घ्यावेत का?

उत्तर: या टप्प्यावर घेऊ नयेत. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली मांडलेले निरीक्षण आजही लागू पडते. सहा जणांत एकमेकांशी समन्वय ठेवाव्या लागणाऱ्या जोड्या पंधरा होतात, तर दहा जणांत पंचेचाळीस. शिवाय नव्यांना शिकवणारे तेच असतात ज्यांच्या हातून काम पुढे सरकत असते. एखादे काम पूर्ण सुटे असेल, जसे जुना डेटा भरणे किंवा वापरकर्त्यांचे प्रशिक्षण, तर त्यासाठी एक-दोन माणसे जरूर घ्यावीत. उरलेल्या कामांची यादी ग्राहकासमोर ठेवून, ठरलेल्या तारखेला कोणती कामे हवीतच आणि कोणती महिनाभर थांबू शकतात, हे याच आठवड्यात ठरवून घ्या. ही चर्चा मुदत संपल्यावर करण्यापेक्षा दीड महिन्याची पिछाडी स्पष्ट दिसत असताना केली, तर ग्राहकालाही आपल्या कामाची वेगळी व्यवस्था लावायला वेळ मिळतो.