मीटर कुठं बसवलंय, ते आधी सांगा

नेट कोण खातंय हे त्या क्षणाला दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, म्हणजे नेटचं मीटर, कोणतं, हा प्रश्न जालन्यापासून उदगीरपर्यंत सगळीकडून येतोय. सॉफ्टवेअर ढीगभर आहेत. ते लावायचं कुठं आणि आकडा वाचायचा कसा, इथंच घोटाळा होतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण डाउनलोडचा आकडा १२च्या वर जात नाही. कंपनी फसवते का? (परभणी)

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट), डाउनलोड बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतं. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे १००चे साडेबाराच.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शाळेचा लॅपटॉप चालवते. दिवसाचा दीड जीबी सकाळीच संपतो. कोणतं सॉफ्टवेअर टाकू? (शिक्षिका, गंगाखेड)

काहीच टाकू नका. विंडोजमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ आधीपासून आहे. त्यातला नेटवर्कचा भाग उघडलात की कोणता प्रोग्रॅम किती डेटा ओढतोय ते जागेवर दिसतं. बहुतेक वेळा चोर म्हणजे विंडोजचे अपडेट, नाहीतर फोटो क्लाउडवर चढवणारा प्रोग्रॅम. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, म्हणजे इथं डेटा मोजका आहे हे विंडोजला कळतं आणि ते हात आखडता घेतं. अपडेट कायमचे बंद करू नका, आणि लॅपटॉप शाळेचा आहे तेव्हा मुख्याध्यापकांना विचारूनच हात लावा.

माझी लातूरला अभ्यासिका आहे, ६० मुलं, २०० एमबीपीएसची लाइन. संध्याकाळी नेट रांगतं. काउंटरच्या कॉम्प्युटरवर मोफत मीटर टाकलं, ते फक्त २-३ एमबीपीएस दाखवतं. आठ महिने हेच चाललंय. ओळखीचे म्हणतात ४००चा प्लॅन घ्या. (लातूर)

आठ महिने मुलांनी सहन केलं आणि तपासणी झाली ती फक्त काउंटरवर! जायकवाडीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. आपल्या चारीतलं पाणी मोजून आख्ख्या कालव्यात किती पाणी आहे ते कळत नाही. काउंटरचा कॉम्प्युटर ही तुमची एक चारी. स्विच, म्हणजे सगळ्या केबल जोडायचा डबा, त्याच्याकडं फक्त त्याच्या नावाची पाकिटं (नेटवरचा डेटा अशा छोट्या तुकड्यांत जातो) पाठवतो, ६० मुलांची पाकिटं तिथं फिरकतसुद्धा नाहीत. मीटर खरं बोलतंय, पण फक्त त्या एका कॉम्प्युटरबद्दल.

मोजायचं हेडला, कालव्याच्या तोंडाशी, म्हणजे राउटरवर. आधी ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर लॉगिन करून कोणत्या उपकरणाचा किती वापर ते दिसतं का बघा. बऱ्याच राउटरवर ही सोय असते. नसेल तर ‘पोर्ट मिररिंग’ (सगळ्या पाकिटांची नक्कल एका केबलवर पाठवण्याची सोय) येणारा स्विच घेऊन, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि कोण किती डेटा ओढतं ते दाखवणारं एनटॉपएनजी बसवता येतं. कुणी एमआरटीजी हे लाइनच्या वापराचा आलेख काढणारं सॉफ्टवेअर सुचवेल. १९९५पासूनचं भरवशाचं काम आहे ते, पण नेहमीच्या मांडणीत ते दर ५ मिनिटांनी आकडा घेतं आणि सरासरी काढतं. २०० एमबीपीएसची लाइन ३० सेकंद तुडुंब भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर आलेखावर २०च दिसतील. त्या ३० सेकंदांत मुलांचं लेक्चर मात्र अडकलेलं असतं.

आणि अपलोड बघा. हे मी प्रत्येकाला सांगतो, कुणी बघत नाही. अभ्यासिकेत कॅमेरे आहेत का? त्यांचं रेकॉर्डिंग सतत क्लाउडवर जातं का? २ मेगाबिटचे चार कॅमेरे धरले तर ८ मेगाबिट अपलोड चोवीस तास चालू. दिवसाला ८६.४ जीबी, महिन्याला सुमारे २,६०० जीबी. तुमच्या प्लॅनला महिन्याची मर्यादा असेल तर त्यातला केवढा घास कॅमेरेच घेतात ते बघा. अपलोड भरलं की डाउनलोडही रखडतं, कारण आलेल्या पाकिटांची पोच त्याच वाटेनं परत जाते. अशा वेळी डाउनलोड ४०० केलंत तरी संध्याकाळ तशीच जाईल. आठवडाभर राउटरवर दोन्ही दिशांचे आकडे घ्या, ते नेटवर्किंगच्या जाणकाराला दाखवा आणि मगच प्लॅनला हात घाला. कंपनीनं दिलेल्या राउटरवर परस्पर दुसरं सॉफ्टवेअर चढवू नका.

सेवा केंद्र चालवतो. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी साइट उघडत नाही. स्पीड वाढवू का? (केज)

साइट अडकलेली असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला नेटवर्कचा आलेख बघा. तो तळाला असेल आणि बाकीच्या साइट झटपट उघडत असतील, तर तुमची लाइन मोकळी आहे, गर्दी पलीकडं सर्व्हरवर आहे. त्यावर पैसे घालू नका. शेतकऱ्यांना आठ दिवस आधी बोलवा. शेवटच्या तारखेपर्यंत थांबायची सवय कोणत्याच प्लॅननं भरून निघत नाही.

‘नेट दुप्पट वेगवान’ करणारं मोफत बूस्टर टाकलं. आता जाहिराती उघडतात. (नांदेड)

येणारच, त्यांचा धंदाच तो. लाइनची क्षमता वाढवणारं सॉफ्टवेअर नसतं. ते काढून टाका आणि कॉम्प्युटर जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. त्यावर बँकेचा व्यवहार केला असेल तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून आजच बदला. पुढं काहीही उतरवायचं तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसते ती बऱ्याचदा जाहिरात असते.

वायरशार्क (नेटवरची पाकिटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून भाडेकरू काय बघतात ते कळेल का? (छत्रपती संभाजीनगर)

नाद सोडा. बहुतेक साइटचा मजकूर कूटबद्ध असतो, आणि परवानगीविना दुसऱ्याची पाकिटं पकडणं कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय काहीही करू नका.

माझे आकडे दाखवले तर कंपनी ऐकेल का? (धाराशिव)

वायफायवर घेतलेले असतील तर भिंतीचं कारण देऊन परत पाठवतील. लॅन केबल लावा, बाकी उपकरणं बंद ठेवा, सकाळ-दुपार-रात्र वेळेसह नोंद करा. लिनक्स असेल तर व्हीएनस्टॅट हा प्रोग्रॅम रोजचा वापर आपोआप लिहून ठेवतं. प्लॅनच्या कागदावर ‘पर्यंत’ हा शब्द आणि मर्यादा संपल्यावरचा वेग आधी वाचा. जाहिरातीत हे दोन्ही बारीक अक्षरात असतं. मग लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं जाता येतं.