घरच्या घरी साधा, ताजातवाना करणारा व्होडका हायबॉल कसा बनवायचा?

हायबॉल म्हणजे उंच ग्लासात थोडी दारू आणि भरपूर सोडा. घरी अगदी सहज जमतो.

ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. बर्फात कंजुषी केली की तो लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. त्यावर ४५ मिली व्होडका घालून नीट ढवळा, ग्लास बाहेरून घामेजला पाहिजे. मग फ्रीजमधून नुकताच काढलेला १२० ते १५० मिली सोडा कडेकडेने हळू ओता. कोमट सोड्यातला वायू ओततानाच उडून जातो, आणि खरी मजा तर त्या बुडबुड्यांतच आहे! आता चमचा तळाशी नेऊन फक्त एकदा वर उचला. शेवटी लिंबाच्या सालीची चकती ग्लासावर मुरडा. तेलाचे बारीक तुषार उडतात, सुगंध त्यांचाच. गोडसर हवं असेल तर सोड्याऐवजी जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचा गोड सोडा.