बर्फावरच्या हॉकीतल्या जो सॅकिकचा गौरव खेळाडू म्हणून करायचा की संघ उभारणारा म्हणून?

माझ्या मते दोन्हींसाठी, पण दुसऱ्या भूमिकेचं कौतुक फार कमी होतं.

त्याचा खेळाडू म्हणून हिशोब सरळ आहे. 1,378 सामने, 625 गोल, 1,016 असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला हातभार लावणारे पास). अमेरिकेतल्या कोलोरॅडो ॲव्हलांश क्लबचा कर्णधार म्हणून 1996 आणि 2001 मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे NHL या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगचं विजेतेपद, 2002 मध्ये कॅनडासाठी ऑलिंपिक सुवर्ण. 2009 मध्ये क्लबने त्याची 19 नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली, 2012 मध्ये हॉल ऑफ फेम.

माणूस कळतो तो मात्र 2001 च्या त्या क्षणात. कप आधी कर्णधाराने उंचावायचा ही प्रथा. सॅकिकने तो हातात घेतला आणि तसाच संघसहकारी रे बोर्कच्या हाती दिला, कारण बोर्क 22 हंगाम या कपासाठी झिजला होता. मला हा प्रसंग त्याच्या कुठल्याही गोलपेक्षा मोठा वाटतो.

आता त्याच ॲव्हलांशचा व्यवस्थापक, म्हणजे खेळाडू निवडून संघ उभारणारा सॅकिक. 2016-17 मध्ये संघ 82 पैकी फक्त 22 सामने जिंकून तळाला गेला. लोक त्याला हटवा म्हणत होते. संघातला आघाडीचा खेळाडू मॅट डुशेनला ट्रेडमध्ये, म्हणजे क्लबांमधल्या अदलाबदलीत, सोडण्यासाठीही त्याने घाई केली नाही, मनासारखा मोबदला मिळेपर्यंत थांबला. 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, चौथ्या क्रमांकावर केल मकार घेतला. 2022 मध्ये अंतिम मालिकेत टॅम्पा बे संघाला हरवून कप परत क्लबच्या शहरात, डेन्व्हरला आला आणि त्या मालिकेसह प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला तो मकारच. त्या वर्षीचा सर्वोत्तम जनरल मॅनेजरचा पुरस्कारही सॅकिकलाच मिळाला.