वाचक विचारतात : बडोद्यात इंटर्न, आसो ते कारतक

सामाजिक संस्थांत तीन-चार महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी बडोद्याला निघालेल्या मुलामुलींची पत्रं या वेळी बरीच आली. त्यात एक पत्र एका आईचं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : सप्टेंबरअखेर ते डिसेंबर बडोद्याच्या एका संस्थेत काम करायचं आहे. खोली कुठल्या भागात पाहावी? आधी किती दिवस जाऊन राहावं? (कोल्हापूर)

खोलीच्या आधी पंचांग उघडा. गुजराती महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात, त्यामुळे आसो म्हणजे आपला आश्विन आणि कारतक म्हणजे कार्तिक, तिथीला तिथी जुळते. (इंदूर-ग्वाल्हेरला जाणाऱ्यांची मात्र वद्य पक्षात गफलत होते, तिथं महिना पौर्णिमेला संपतो.) तीन टप्पे वहीत लिहून ठेवा : नवरात्र, शरद पूनम (आपली कोजागरी), आणि धनतेरस ते लाभपाचम. यातला तिसरा टप्पा नवख्याला चकवतो. आपला पाडवा म्हणजे त्यांचं बेसतुं वरस, नवं वर्ष. दुकानं बंद होतात ती बरीचशी थेट कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे लाभपाचमीला, मुहूर्त करूनच उघडतात. मेस, झेरॉक्स, शिंपी, सगळं ठप्प. शाळांना दिवाळीची तीन आठवडे सुट्टी असते, म्हणजे शाळेतलं काम असेल तर तेवढे दिवस वजाच करा.

खोली घटस्थापनेच्या निदान पाच-सहा दिवस आधी ठरवा. नवरात्रात संध्याकाळी घरमालक भेटत नाही आणि दलाल फोन उचलत नाही.

शहराच्या मधून विश्वामित्री वाहते आणि पश्चिमेला रेल्वेची लाईन जाते. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग नदीच्या पूर्वेला. सयाजीगंज आणि स्टेशन पश्चिमेला. अलकापुरी रुळांच्याही पलीकडे. संस्थेचं ऑफिस ज्या बाजूला, त्याच बाजूला राहा. दुपारी पंधरा मिनिटांत होणारं अंतर नवरात्रात रात्री आठला तासभर खातं. रोज खेड्यात जायचं असेल तर एस.टी. डेपो आणि स्टेशन शेजारी-शेजारी असलेला सयाजीगंज किंवा जवळचं फतेहगंज सोयीचं. मराठी शेजार हवा असेल तर दांडिया बाजार, रावपुरा. तिथली मराठी ऐकून पहिल्या दिवशी हसू येईल, आठवड्यात तुम्हीही तशीच बोलायला लागाल.

तळमजला घेताना भिंती नीट बघा. गुडघ्यापासून कमरेपर्यंत रंग बदललेली आडवी रेघ दिसली, किंवा फक्त खालच्या तीन फुटांनाच ताजा रंग असला, तर पाणी आत येऊन गेलंय. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री शहरात घुसली होती. नदीत मगरी आहेत, पुलावरून बघायच्या. काठावर उतरायचं नाही.

पी.जी.त पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा : नवरात्रात दार किती वाजता लावतात, दिवाळीत मेस किती दिवस बंद, आणि त्या दिवसांचे पैसे कापले जातात का. भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो. तीन महिन्यांसाठी सही करताना ‘एक महिन्याची सूचना देऊन खोली सोडता येईल’ हे वाक्य करारात घालून घ्या, नाहीतर डिपॉझिट अडकतं. पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीसाठी आधारची प्रत आणि फोटो लागेल. गुजरातेत दारूबंदी आहे, सामानातून बाटली नेण्याचा विचारही नको.

प्रश्न : गरबा कधी खेळलेले नाही. सहकारी आग्रह करतात, पण सकाळी फील्डला जायचं असतं. (नाशिक)

जा. पण पहिल्या रात्री मोठ्या मैदानावर नको, सोसायटीच्या किंवा पोळातल्या (जुन्या शहरातल्या गल्लीतल्या) गरब्याला जा. मोठ्या मैदानांना पास लागतो आणि तो आधी संपतो. बडोद्याच्या मोठ्या गरब्यात सहसा टिपऱ्या नसतात, टाळ्यांवर गोल फिरायचं असतं. त्यामुळे दांडिया विकत घेऊन जाऊ नका. आधी बे ताळी (दोन टाळ्यांचा), मग त्रण ताळी (तीन टाळ्यांचा). दोढियुं हा अवघड प्रकार तिसऱ्या-चौथ्या दिवशी. नवख्यानं बाहेरच्या रिंगणात राहावं. आतली रिंगणं वेगात असतात, तिथं मध्येच थांबलात तर मागचा अंगावर येतो. पाय अनवाणी असतात, म्हणून फोड येतात ते टाचेला नव्हे, चवड्याला. घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करा आणि फोड फोडू नका. दुसऱ्या दिवशी सँडल नको, मोजे-बूट घाला. लाऊडस्पीकरची मर्यादा एरवी रात्री दहाची. सणांना राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत ती बारापर्यंत वाढवू शकतं. म्हणजे झोप एकच्या आधी नाही. फील्डची वेळ त्या नऊ दिवसांपुरती उशिराची मागा. संस्थेतलेही गरब्यालाच जातात, कुणी नाही म्हणणार नाही.

कोजागरीला पुन्हा एकदा गरबा असतो. आपलं मसाला दूध तिथं दूध-पौंआ (दूध-पोहे) होऊन येतं.

प्रश्न : छोटाउदेपूरकडच्या गावांत घरोघरी पाहणी करायची आहे. प्रश्नावली इंग्रजीत आहे. मला गुजराती समजते, बोलता येत नाही. काय चुकू शकतं? (वर्धा)

समजते तिथंच चुकतं. मराठी माणसाला गुजराती ऐंशी टक्के कळते आणि उरलेले वीस टक्के आकड्यांत निघतात.

‘मण’ घ्या. आपल्याकडे मण म्हटलं की चाळीस किलो डोक्यात येतात. गुजरातेत मण वीस किलोचा, बाजार समितीतले भावही वीस किलोचेच. शेतकऱ्यानं ‘पचास मण कपास’ सांगितला आणि तुम्ही दोन हजार किलो लिहिला, तर त्या घराचं उत्पन्न कागदावर दुप्पट झालं. प्रश्नावलीत मणाची चौकट ठेवा आणि किलोचा हिशोब नंतर शीटमध्ये करा, दारात नको. जमिनीच्या मापाचं, विघ्याचंही तसंच. तो भागाभागात लहानमोठा होतो, म्हणून ‘तुमच्याकडे विघ्याचे किती गुंठे?’ हे प्रत्येक गावात एकदा विचारून नोंदवा. चाळीस गुंठ्यांचा एकर दोन्हीकडे सारखा.

‘काले’ म्हणजे काल आणि उद्या, दोन्ही. पूर्ण वाक्यात क्रियापद सावरून घेतं, पण ‘क्यारे?’ला नुसतं ‘काले’ उत्तर आलं की अडलं. ‘गई काले के आवती काले?’ असं लगेच विचारा. ‘खाली’ म्हणजे रिकामं. आपलं खाली म्हणजे त्यांचं ‘नीचे’. ‘पाणी खाली आहे का’च्या थाटात विहिरीबद्दल विचाराल तर विहीर आटल्याची नोंद घेऊन याल. घर क्रमांक हातानं लिहिताना गुजराती लिपीतला दोन आणि ‘र’, तसंच पाच आणि ‘प’ जवळजवळ एकसारखे दिसतात. यादीत आकडे इंग्रजीच ठेवा.

शिवाय तिथल्या राठवा या आदिवासी समाजाच्या घरांत गुजराती ही शाळेतली भाषा, घरातली राठवी. प्रश्नावली इंग्रजीतून गुजरातीत करा, मग ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. फरक पडला ते प्रश्न बदला. मग गावातला एक जण सोबत घेऊन आठ-दहा घरी चाचणी करा. ही घरं खऱ्या पाहणीत मोजायची नाहीत.

वेळ दिवाळीच्या आत गाठा. दिवाळी झाली की बरीच कुटुंबं बांधकामावर, ऊसतोडीला, शहरांकडे मजुरीला निघतात. कपाशीची वेचणी चालू असते, त्यामुळे माणसं सकाळी लवकर किंवा पाचनंतरच घरात सापडतात, आणि नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो. म्हणजे दिवसाला आठ घरं झाली तरी पुष्कळ. कुलूप दिसलं तर शेजारचं घर घेऊन भरती करू नका. ‘बंद, स्थलांतर’ अशी नोंद करा आणि पुन्हा जा. निघून गेलेलं घर बहुधा गावातलं सगळ्यात गरीब घर असतं. त्याच्या जागी शेजारी घेतला की कागदावरचं गाव खऱ्यापेक्षा सुखवस्तू दिसतं. इंटर्नांच्या हातून होणारी ही सगळ्यात महागडी चूक आहे, आणि ती आकड्यांत दिसतही नाही.

फॉर्म कोबोकलेक्ट या पाहणीच्या अ‍ॅपवर असेल तर नेटशिवाय भरता येतो. निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्या फोनवर एकच आवृत्ती उतरवा. मध्येच प्रश्न बदलला की रकाने फुटतात. पत्र्याखाली जी.पी.एस. भटकतं, अंगणात उभे राहा, अचूकता दहा मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. भरलेले फॉर्म त्याच संध्याकाळी पाठवा.

गाडीनं जात असाल तर तिकिटावर स्टेशन वाचा, प्रतापनगर हे बडोद्याचंच पण वेगळं स्टेशन आहे. एखादा दिवस मोकळा मिळाला तर तेजगढची आदिवासी अकादमी आणि कुणाच्या घरात भिंतीवर पिठोरा (राठवांचं भित्तिचित्र) असेल तर तो पाहा. आत जाण्याआधी आणि फोटोआधी विचारा. ते देवाचं चित्र आहे.

प्रश्न : ऑक्टोबरात मला एकदम अहवालाला बसवलं. लाभार्थ्यांचे आकडे जुळत नाहीत. (पुणे)

३० सप्टेंबरला आर्थिक वर्षाचा अर्धा भाग संपतो, म्हणून ऑक्टोबर म्हणजे अहवालाचा हंगाम. आकडे न जुळण्याचं कारण बहुतेक एकच असतं : हजेऱ्या आणि माणसं एकत्र मोजलेली. चाळीस बायकांची तीन प्रशिक्षणं म्हणजे १२० हजेऱ्या, १२० बायका नव्हेत. मूळ हजेरीपट घ्या, नाव, गाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव तीन रकान्यांत भरा, मग दुबार नावं काढा. एकाच गावात तीन कैलासबेन असतात, नुसत्या नावावर काढू नका.

पैशांच्या भागात दोन मर्यादांची सरमिसळ टाळा. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच चालतो, परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५० टक्के होती. सीएसआरमधली (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतली) ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे. संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या पगाराला ती लावून उगाच आकडे दाबू नका. पावतीशिवाय खर्च दिसला तर तुम्ही सही करू नका, हिशोबनिसाला दाखवा.

प्रश्न : मुलगी एकटी जाते आहे. संस्था खरी आहे हे कसं कळावं? काही झालं तर इंटर्नला तक्रार करता येते का? (सांगली, एक आई)

महाराष्ट्रासारखंच गुजरातेतही ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, १९५० चा मूळ कायदा मुंबई राज्याचाच. नोंदणी क्रमांक मागा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव शोधा. इंटर्नशिपचं पत्र हवंच, त्यात विद्यावेतन, कामाच्या जागा आणि वरिष्ठांचं पद लिहिलेलं असावं. ‘सुरक्षा ठेव’ मागणाऱ्या संस्थेला नमस्कार.

तक्रार करता येते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणाऱ्याही येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असायला हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिन्यांची, म्हणून इंटर्नशिप संपेपर्यंत थांबू नये. गुजरातेत १८१ ही महिलांसाठीची अभयम् हेल्पलाइन आहे, नंबर फोनमध्ये आधीच घालून द्या.

प्रश्न : रविवारी काय बघावं, काय खावं? (नागपूर)

राजवाडा सगळे बघतात. तुम्ही आधी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघा, मराठी दिवाणाच्या घरातली भित्तिचित्रं. दुसऱ्या रविवारी कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची गंगावतरण आणि मीराबाईची चित्रं, तिथून सयाजीबाग आणि १८९४ चं म्युझियम, निळ्या देवमाशाच्या सांगाड्यासह. पावागढ नवरात्रात टाळा, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर साध्या वारी सकाळी लवकर निघा आणि उतरताना चांपानेरची जामा मशीद बघा.

खायला सेव-उसळ. नावावरून मिसळ समजू नका. पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, वर शेव, पातीचा कांदा, बरोबर पाव, आणि तरी वेगळी. तरी आधी चमचाभरच घाला.