तुम्ही विचारलंत, १९७२ च्या एमजीबी जीटी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवावं का? ३.५ लिटरचं घ्यावं की ४.६ चं?

बसवा. ३.५ च घ्या. ४.६ डोक्यातून काढून टाका.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "बॉडी ठीकठाक आहे, सिल मागच्या मालकाने बदललेत, त्यामुळे थेट इंजिनापासून सुरुवात करणार." हे वाचून गप्प बसवेना. माझी गाडीही १९७२ चीच, जीटीच, आणि तिचेही सिल (दारांखालच्या पत्र्याच्या लांब पेट्या) "मागच्या मालकाने बदललेले" होते.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं इंजिनकामाचं दुकान होतं, आता दादा चालवतो. अँबॅसिडरची इंजिनं बघत आम्ही मोठे झालो. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत ही गाडी घेतली आणि पहिल्यांदा बॉनेट उघडलं, तेव्हा घरचंच माणूस भेटल्यासारखं वाटलं. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच बी-सिरीज घराण्यातली. दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तोही हरखला. म्हणून मी व्ही-८ चा विषय काढला तेव्हा त्याला ते जिव्हारी लागलं. "मूळ इंजिन काढलंस की गाडी मेली. आणि आठ सिलिंडरचं धूड पुढे टाकलंस तर नाक जमिनीला टेकेल."

मी एका वर्कशॉपला पत्र्याचं काम दिलं. वरून सिल चकाचक होते. कापल्यावर कळलं, सडलेल्या जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवून रंग मारला होता. आतला उभा पत्रा आणि तळाची नागमोडी पट्टी, दोन्हींचा भुगा झालेला. या गाडीला वेगळी चासी नाही. सिल हीच तिची चासी. आणि त्या वर्कशॉपने काय केलं? दारं काढली, गाडी पुढच्या-मागच्या टोकांना टेकू देऊन उचलली आणि दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी कापून काढले. मधे तोलून धरायला काही उरलंच नाही. शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, मधे बसलं, आणि त्या बसलेल्या अवस्थेतच नवे सिल वेल्ड झाले.

गाडी घरी आली, मी दारं लावली. डावं दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं, उजवं तर लागतच नव्हतं. तो सगळा हिवाळा मी त्या दारांकडे बघत काढला.

दादाने कोल्हापुरातल्या यच्चयावत नातेवाइकांना सांगितलं, "बघा, इंजिनाच्या वजनाने गाडी वाकली." तेव्हा व्ही-८ माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलं होतं. गाडीत गेलंच नव्हतं!

पुढच्या उन्हाळ्यात सगळं पुन्हा कापलं, यावेळी मी स्वतः. गाडीचं वजन सस्पेन्शनवर येईल असे टेकू दिले. दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घेतला. स्क्रू जॅकने शेल हळूहळू वर घेत फट जुळवली. एका वेळी एकच बाजू. नुसते टाके मारायचे, दार लावून बघायचं, पुन्हा टाके, पुन्हा दार. फट सारखी आली की मगच सलग वेल्डिंग. सात आठवडे गेले, पण दार एका बोटाने लागायला लागलं.

तुम्ही आजच एक करा. दार उघडं ठेवून गाडी मागून जॅकवर घ्या आणि मग दार लावून बघा. फट बदलली किंवा दार अडकलं, तर इंजिनाचे पैसे बाजूला ठेवा.

आता दादाच्या "धुडा"बद्दल. रोव्हरचं व्ही-८ म्हणजे मूळचं अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीचं, १९६१ चं. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियम. ब्यूकने ते सोडलं, रोव्हरने हक्क विकत घेतले. मी क्रेनच्या हुकाला काटा लावून दोन्ही इंजिनं तोलली. आठ सिलिंडरचं ३५२८ सीसीचं इंजिन चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनापेक्षा हलकं भरलं! काट्याचा फोटो दादाला पाठवला. निळ्या टिक आल्या, उत्तर आलं नाही. नाक जड झालं ते एमजीसीचं. १९६७ ते ६९ मध्ये कंपनीने त्याच शेलमध्ये २९१२ सीसीचं लोखंडी सहा सिलिंडर घातलं होतं, आणि वळणावर गाडी जड लागते अशी ओरड झाली. आणि "गाडी मेली" म्हणाल, तर आधी केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने अशा व्ही-८ गाड्या बांधून विकल्या, मग १९७३ ते ७६ मध्ये खुद्द कारखान्याने २५९१ एमजीबी जीटी व्ही-८ काढल्या. कारखान्यानेच केलेल्या गोष्टीला भ्रष्ट कसं म्हणायचं?

बसवताना त्रास आहेच. १९७४ च्या शेवटी रबर बंपर आले, त्यानंतरच्या शेलमध्ये व्ही-८ ला जागा आहे. तुमच्या क्रोम बंपरवाल्या गाडीत इंजिनाच्या जागेमागच्या भिंतीचे कोपरे हातोडीने आत घ्यावे लागतील, रेडिएटर पुढे सरकवावा लागेल. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टीअरिंगचा दांडा एकाच जागेसाठी भांडतात. त्यावर उत्तम उपाय १९९३ च्या एमजी आरव्ही८ या गाडीतला: मॅनिफोल्ड आतल्या विंगमधून (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यातून) बाहेर काढायचा. मागच्या अ‍ॅक्सलचा ३.९ चा गिअर रेशो ठेवलात तर इंजिन उगाच ओरडत राहील, ३.०७ चा टाका. पुढचे ब्रेक कारखान्याच्या व्ही-८ सारखे जाड डिस्कचे करा, आणि तेही इंजिन सुरू करण्याआधी.

४.६ ला नाही म्हणतो कारण त्या ब्लॉकमध्ये लाइनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) मागे भेगा जातात. शिवाय त्याला डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) नाही, म्हणजे इग्निशनची वेगळी सोय आली. ३.५ घेताना रॉकर कव्हर उघडून बघा. काळा चिकट गाळ दिसला तर तेल वेळेवर बदललेलं नाही, कॅमशाफ्ट झिजलेला असणारच. तो आणि टॅपेट नवेच टाका.

खर्चाचं विचारलंत. माझा निम्म्याहून जास्त पैसा पत्र्यात गेला, आणि तोही दोनदा. तुमचा आकडा सिल कापल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

एक सांगायचं राहिलं. इंजिन बदलल्याचं डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला) कळवावं लागतं, आणि विमा कंपनीला तर काम काढायच्या आधीच. जुनं १८०० चं इंजिन विकू नका. माझं तेल लावून, गुंडाळून ठेवलंय. तेवढं दादाचं मी ऐकलं. आणि तुमचं इंजिन सुस्थितीत असेल, गाडी गावात फिरवण्यापुरतीच हवी असेल, तर ९५ हॉर्सपॉवर पुरतात हेही खरं.

व्ही-८ बसून सहा वर्षं झाली. दर वसंतात मी दोन्ही दारांच्या फटी पट्टी लावून मोजतो, वरच्या कोपऱ्यात आणि खालच्या. अर्धा मिलिमीटरही फरक नाही. दादा, हे वाचलंस तर फोन कर, यंदाचे फोटो पट्टीसकट पाठवतो.