आरव म्हणजे शांत? असं कोण म्हणालं?

मागच्या अंकात बाळांच्या नावांवर सहज चार ओळी लिहिल्या आणि इनबॉक्स तुडुंब भरला. सगळ्यांना उत्तर देणं काही जमायचं नाही, काही प्रश्न निवडलेत. पाठवणाऱ्यांची नावं काढून टाकलीयत, काहींनी तर घरात कळू देऊ नका असंही बजावलंय.

प्रश्न: ताई, मला सातवा महिना चालू आहे. नवऱ्याने एक्सेल शीट केलीय, 214 नावं आणि पुढच्या कॉलममध्ये अर्थ. मुलांची निम्मी नावं 'सूर्याचा पहिला किरण' आणि मुलींची निम्मी 'देवाची देणगी'. एकाच अर्थाचे इतके शब्द खरंच असतात का? विश्वास कशावर ठेवायचा?

नसतात गं. होतं काय, एक साइट काहीतरी लिहिते, दुसरी तिथून उचलते, मग ॲपवाले दोघांकडून उचलतात आणि मूळ शब्द उघडून बघायचे कष्ट कुणीच घेत नाही. आता आरव घे. यादीत दिसेल 'शांत, शांतता देणारा'. संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. रव म्हणजे आवाजच, कलरव मधला तोच हा रव. (नवीन बाळाच्या बाबतीत कोशच खरा, यादी नाही.)

दुसरी गडबड अंश आणि अंशु यांची. अंशु म्हणजे किरण, म्हणून हिमांशु म्हणजे गार किरणांचा, म्हणजे चंद्र, आणि अंशुमान म्हणजे सूर्य. अंश म्हणजे भाग, तुकडा. एका उकाराचा फरक, पण याद्यांमध्ये दोन्ही एकच होऊन बसलेत. रेयांशला 'प्रकाशकिरण' लिहितात ना, त्यातला रे सरळ सरळ इंग्रजीतला आहे आणि पुढे आपला अंश लावलाय, अर्धा कोट अर्धं धोतर. नाव म्हणून वाईट नाहीये, पण 'प्राचीन संस्कृत नाव' म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नकोस.

सगळंच खोटं असतं असंही नाही हां. विहान म्हणजे पहाट, हे कोशात आहे. अर्णव म्हणजे समुद्र, तेही आहे. बघायचं कुठे? संस्कृत शब्दाला वामन शिवराम आपट्यांचा 1890चा संस्कृत-इंग्रजी कोश आणि मराठी शब्दाला मोल्सवर्थचा 1857चा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात. शब्द टाक. नाही सापडला तर फोडून बघ. फोडूनही हाती काही लागलं नाही तर तो अर्थ कुणीतरी घरी बसून लिहिलाय असं समज. आणि सापडला तर पहिल्या अर्थावर थांबू नकोस, ओळ शेवटपर्यंत वाच. अनीश म्हणजे ज्याच्यावर कुणी मालक नाही असा, वा, मस्त, आणि त्याच नोंदीत पुढे लिहिलंय दुबळा, असमर्थ! ह्रस्व करून अनिश केलंस तर शब्दच वेगळा, निशा नसलेला, म्हणजे अखंड.

एवढं करून दहा-बारा नावं उरली की तो अर्थाचा कॉलम हाइड कर आणि नवऱ्याला दुसऱ्या खोलीत पाठवून जोरात हाक मारायला सांग. आम्ही हे केलं होतं. तेव्हा कळलं की शेवटी स्वर असलेलं नाव ताणता येतं, आर्याsss म्हणत जिना उतरता येतो, पण दक्ष ताणता येत नाही, तिसऱ्या हाकेला त्याचा दक्षूsss होतो. म्हणजे तुम्ही ठेवणार दक्ष आणि बारा वर्षं घरात फिरणार दक्षू. ते चालणार आहे का ते आत्ताच बघा.

प्रश्न: मुलाचं नाव आरव ठेवलंय, चार महिन्यांचा आहे. मागच्या अंकात तुम्ही 'आरव म्हणजे आरडाओरडा' एवढंच लिहून पुढे गेलात, तेव्हापासून माझी झोप उडालीय. बदलू का नाव?

आधी सॉरी. आणि नाही, मुळीच बदलू नका.

भीम म्हणजे काय माहितीये? भयंकर. सीता म्हणजे नांगराने जमिनीत पडलेलं तास. अर्जुन म्हणजे पांढरा, कृष्ण म्हणजे काळा, बस, रंग सांगितले आणि विषय संपला. बाहेर बघा, लॅटिनमध्ये पॉल म्हणजे छोटा, क्लॉडिया निघालं लंगडा या शब्दावरून आणि सेसिलिया आंधळा या शब्दावरून, आणि जगभर लोक आनंदाने ही नावं ठेवतात. शब्द मुळात काय होता त्यापेक्षा तो अंगावर घेऊन कोण फिरलं हे लोकांच्या जास्त लक्षात राहतं.

माझ्याच नावाचा अर्थ रात्र आहे. (कुठलं नाव ते शोधा, चार-पाच आहेत.) तिसरीत बाईंनी प्रत्येकाला नावाचा अर्थ विचारला, कुणी उजेड, कुणी ज्योत, कुणी कमळ, आणि मी उठून म्हणाले 'रात्र' तर सगळा वर्ग फिदीफिदी. घरी येऊन मी रडून गोंधळ घातला. आई भांडी घासत होती, मागे वळलीसुद्धा नाही, म्हणाली, तू झालीस ना, त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी पालथी झोपले. मला काही कळलं नाही तेव्हा. माझ्या पोटात माझी लेक असताना सहाव्या महिन्यात एकदा कूस बदलता बदलता कळलं, आणि मग नाव आवडायला लागलं.

तुमच्या घरात तो आला तेव्हा कसला आवाज झाला होता, तो आठवा. तोच अर्थ सांगा त्याला.

प्रश्न: माझं वय 63. मुलगा-सून नातीचं नाव कियारा किंवा मायरा ठेवायचं म्हणतात. अर्थ विचारला तर सून म्हणते, 'छान वाटतं ना आई.' अर्थच नसलेलं नाव कसं काय ठेवायचं हो?

काकू, अर्थ आहे, फक्त सुनेने शोधला नाहीये. गंमत बघा, इटालियन भाषेत क्यारा म्हणजे स्वच्छ, उजळ. आयरिश भाषेत जवळजवळ तसंच ऐकू येणारं नाव आहे, त्याचा अर्थ काळी, सावळी. आपल्याकडच्या कियाराचा धागा यातल्या कुठल्या नावाला जोडायचा ते तुम्हीच ठरवा, दोन्ही अर्थ नातीला लागू पडतील असे आहेत. मायरा हे तर बनवलेलंच नाव. फल्क ग्रेव्हिल नावाचा इंग्रज कवी होता, 1628 साली वारला, त्याने आपल्या कवितेतल्या बाईसाठी ते तयार केलं. व्हनेसा पण असंच, लेखक जोनाथन स्विफ्टने ओळखीच्या बाईच्या आडनावाचा पहिला तुकडा घेतला आणि तिच्या एस्थर नावाचं लाडकं रूप त्याला जोडलं. नवीन नाव बनवायचं खूळ आजकालचं आहे असं आपल्याला वाटतं, तसं नाहीये ते.

खरं सांगू का, मला स्वतःला ही नावं फारशी भावत नाहीत. पण 'अर्थ काय' हा प्रश्न सुनेला परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी 'तुला हे पहिल्यांदा कुठे ऐकू आलं गं?' असं विचारून बघा. बहुतेक वेळा काहीतरी असतं मागे, एखादी मैत्रीण, हॉस्पिटलमधली नर्स, काहीही. आणि तुम्हाला आपल्या आणि परक्या, दोन्ही भाषांत चालेल असं हवं असेल तर तसलीही नावं आहेत की. तारा आहे. समीर बघा, संस्कृतात वारा आणि अरबीत रात्री गप्पा मारायला सोबत बसणारा. एकाच नावात दोन भाषा, आणि दोन्हीकडे छान.

प्रश्न: बाबा जाऊन दोन महिने झाले. बायकोला आठवा लागलाय. बाबांचं नाव दिनकर. मुलगा झाला तर तेच नाव ठेवायचं माझ्या मनात आहे. बायको म्हणते फार जुनं वाटतं. आई काहीच बोलत नव्हती, काल एकदम म्हणाली, 'मी रागावताना कुणाच्या नावाने ओरडू?' काय करू?

तुमच्या आईंनी एका वाक्यात सांगितलंय ते मी दोन पानं लिहून सांगू शकले नसते. मूल दोन वर्षांचं झालं की दिवसातून पन्नास वेळा त्या नावाने काय काय ओरडावं लागतं विचार करा. दिनकर, तोंडातून काढ ते! दिनकर, चड्डी घाल आधी! ज्या बाईने चाळीसेक वर्षं त्या माणसाबरोबर संसार केला तिला हे करायला लावायचं? काहींना जमतं, उलट बरं वाटतं, घरात नाव ऐकू येत राहतं. आईंना जमणार नाहीये, त्यांनी सांगितलंय तसं. त्यामुळे बायकोचं 'जुनं वाटतं' हा वाद घालायचीच गरज नाही, तो बाजूला ठेवा.

शब्द सोडून अर्थ धरा. दिनकर म्हणजे दिवस करणारा. कर म्हणजे करणारा, प्रभाकर, भास्कर यांची घडण तीच. संस्कृतात दिवसाला अहन् म्हणतात, अहन हे नाव आजही चालतं, कुणाला जुनं वाटणार नाही, आणि बाबांच्या नावातला दिवस त्यात जसाच्या तसा आहे. मुलगी झाली तर उषा, प्रभा, द्युती. (मुलगी झाली तर काय, हे तुम्ही विचारलंच नाहीत, ते माझ्या लक्षात आलंय.)

किंवा नावही सोडा, बाबा काय बोलायचे ते आठवा. एका कुटुंबाचं मला माहितीये, आजोबा कुणीही घराबाहेर पडलं की 'सावकाश' म्हणायचे. ते नाव होऊ शकत नाही म्हणून त्यांनी नातीचं नाव मंदा ठेवायचं ठरवलं, मंद म्हणजे सावकाश, मग मंद म्हणजे ढ हेही लक्षात आलं आणि हसून हसून वाट लागली, शेवटी भलतंच काहीतरी ठेवलं. पण त्या चर्चेत आजोबांच्या इतक्या आठवणी निघाल्या की नाव राहिलं बाजूला.

एकच गोष्ट जपा. 'बाबाच परत आले' असं कुणी म्हणायला लागलं की हळूच विषय बदला. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत बाबातुंदे नावाचा अर्थच 'वडील परत आले' असा आहे, त्यांच्या भाषेतही वडिलांना बाबाच म्हणतात, वाचून अंगावर काटा येतो. पण त्यांच्याकडे ते पिढ्यान् पिढ्या पचलेलं आहे. तुमच्याकडे दोन महिन्यांचं दुःख आहे आणि ते उचलायला एक तीन किलोचं बाळ, जरा जास्त होतंय ते.

प्रश्न: ऋता नाव पक्कं केलंय. इंग्रजीत स्पेलिंग आर-यू की आर-आय?

मराठी तोंडात ऋ चा रु होतो, हिंदीत रि, त्यामुळे आर-आय लिहिलंत की मराठी लोकसुद्धा रिता वाचणार आणि रिता म्हणजे रिकामा! ऋत म्हणजे सत्य, सृष्टीचा नियम, एवढा भारदस्त शब्द रिकामा कशाला करायचा, आर-यू घ्या. हाच घोळ ज्ञ चा, डी-एन-वाय लिहिलं की परका माणूस डन्या वाचतो आणि जी-वाय लिहिलं की आपलीच माणसं नाक मुरडतात. सई इंग्रजीत लिहिलं की साई होतं. पक्कं करायच्या आधी ते नाव फोनवर एखाद्या अनोळखी माणसाला लिहून घ्यायला सांगा, काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. आणि जे ठरेल ते पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत तेच, एक ए इकडे तिकडे झाला की पुढची वीस वर्षं अर्ज.

प्रश्न: जुळी आहेत. यमक जुळणारी नावं ठेवू का?

फोटोखाली लिहायला गोड दिसतात. हाक मारली की दोघं येतात नाहीतर कुणीच येत नाही. निदान पहिलं अक्षर तरी वेगळं ठेवा, रिपोर्टवर आद्याक्षर आणि आडनाव एवढंच छापलं की डॉक्टरसुद्धा गोंधळतात.

प्रश्न: बाळ पाच आठवड्यांचं झालं, अजून नाव नाही. दोनवर येऊन अडकलोय. सगळे टोमणे मारतात. बाळावर परिणाम होईल का?

बाळाला काही फरक पडत नाहीये. स्वतःच्या नावाचा नाद बाळं ओळखायला लागतात ती साधारण साडेचार महिन्यांची झाल्यावर, आणि तेव्हाही नादच ओळखतात, हे आपलं नाव आहे हे कळायला अजून वेळ लागतो. तोवर सोन्या, पिल्लू, ठमी, सगळं चालतं. कागदपत्रांची मुदत मात्र बघून ठेवा, ती नादावर चालत नाही.

दोनच उरलीत ना, मग सोमवार ते बुधवार एक नाव आणि गुरुवार ते शनिवार दुसरं, घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचं. शनिवारी रात्री दोनला बाळ रडत उठेल तेव्हा झोपेत तुमच्या तोंडून कुठलं नाव येतं ते नवऱ्याला ऐकायला सांगा. दोन्ही नाही आली तर माझ्याकडे शेवटचा उपाय आहे, घानातल्या अकान लोकांसारखं सरळ वाराचं नाव ठेवा. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. कोफी अन्नान 8 एप्रिल 1938ला जन्मले, वार शुक्रवार, आणि त्या नावाने माणूस संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झाला. तुमचं बाळ कुठल्या वारचं ते कळवा.