सांगलीच्या आमच्या ऑनलाइन पोकरच्या टेबलावर प्रीफ्लॉप रेज केल्यावर (फ्लॉप, म्हणजे पहिली तीन सामायिक पानं, उघडण्याआधी बेट वाढवल्यावर) दर वेळी सी-बेट (फ्लॉपवर पुन्हा बेट) मारावी का?

नाही, दर वेळी नको: समोर एकच जण असेल आणि फ्लॉप कोरडा (एकमेकांशी न जुळणाऱ्या पानांचा) असेल तर मारा, तीन-चार जण आत असतील तर हातात काही असल्याशिवाय चेक करा (बेट न लावता पुढे जा). हातातल्या जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही लागण्याची शक्यता साधारण ३२ टक्के, म्हणून एकटा प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा कोराच असतो. पॉटच्या (मध्ये जमलेल्या चिप्सच्या) एक तृतीयांश बेट मारलीत, तर त्याने चारातून एकदा पानं टाकली तरी निव्वळ ब्लफ बरोबरीत सुटतो. अर्धा पॉट मारलात तर तिनातून एकदा टाकावी लागतात. राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची (इस्पिक, बदाम, किलवर अशी), हा छोट्या बेटसाठी झकास फ्लॉप. नव्वी-अठ्ठी-सत्ती आणि त्यात दोन इस्पिक आली की हात आवरा, असली पानं कॉल करणाऱ्याच्याच (तुमच्या रेजइतक्या चिप्स टाकून आत राहिलेल्याच्याच) कामाची. पण तुम्ही लिहिलंय की विश्रामबागच्या मित्रांत फुकटच्या चिप्सवर खेळता आणि सगळे शेवटपर्यंत कॉल करतात. मग वरचा ब्लफचा हिशेब तिथे लागूच होत नाही (मेंढीकोटात वाढलेल्या माणसाला पानं टाकून देणं जमतच नाही म्हणा). तिथे ब्लफ जवळजवळ बंद करा, आणि टॉप पेअर (फ्लॉपच्या सर्वात मोठ्या पानाशी जोडी) लागली की सरळ दोन तृतीयांश पॉट मारा, पुढच्या पानावरही. पैसे लावून खेळायचा विचार मात्र नको; २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, पोकर त्यातच येतं.